सीव्हीटीचं ऑइल आत्ता बदलू की लेकीची फी भरून झाल्यावर?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कासारवडवलीला राहता, ऑफिस ऐरोलीला, २०१९ ची पेट्रोल सेडान आहे सीव्हीटी ऑटोमॅटिक, ६२ हजार किलोमीटर झालेत आणि गिअरबॉक्सचं ऑइल आजपर्यंत एकदाही बदललेलं नाहीये. सर्व्हिस सेंटरने १८,४०० चं एस्टिमेट हातात ठेवलंय. मिस्टर म्हणतात ते लाइफटाइम ऑइल असतं, उगाच हात लावू नकोस. पुढे लेकीच्या इंजिनीअरिंगच्या कॅप राउंड (प्रवेशाच्या फेऱ्या) आहेत, तिथे ९५ हजार लागणार, त्यातले ६० हजार बाजूला काढून ठेवलेत आणि उरलेले ३५ हजार इमर्जन्सीसाठी ठेवलेल्या १ लाख ८० हजारांच्या एफडीतून काढायचं ठरलंय. महिना १० हजारांची एसआयपी चालू आहे. गाडी दोन वर्षांनी विकायचा विचार आहे. आणि तुम्ही विचारताय की हे पैसे आत्ता घालू, क्रेडिट कार्डवर ईएमआय करू, दोन महिने एसआयपी थांबवू, की फी भरून मोकळं झाल्यावर निवांत बघू.

ऑइल आत्ताच बदला, फीच्या आधी. पण १८,४०० देऊ नका, ७,१०० द्या.

तुम्ही एस्टिमेटचा फोटो पाठवला ते फार बरं केलंत, नाहीतर मी पण हवेतच बोललो असतो. त्यात गिअरबॉक्सचं ऑइल आणि वॉशर ५,६००, काढायची-भरायची मजुरी १,५००, म्हणजे ७,१००. इथपर्यंत सगळं कामाचं आहे. त्याच्याखाली मशीनने फ्लशिंग ६,८००, ‘परफॉर्मन्स अ‍ॅडिटिव्ह’ १,९००, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग १,२०० आणि एसी डिसइन्फेक्ट १,४००. हे झाले ११,३००, आणि यातलं काहीही तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाहीये. थ्रॉटल बॉडी आणि एसीचं राहूद्या, तुमची तशी तक्रारच नाही. फ्लशिंग आणि अ‍ॅडिटिव्ह मात्र का नको ते नीट सांगतो, कारण काउंटरवर तुम्हाला भीती घातली जाईल आणि तेव्हा उत्तर तयार पाहिजे.

सीव्हीटीमधे नेहमीसारखे पहिला दुसरा तिसरा असे गिअर नसतात. दोन पुली असतात आणि त्यांच्यामधे स्टीलचा पट्टा, काही गाड्यांत साखळी. पुली रुंद-अरुंद होतात तसा रेशो, म्हणजे इंजिन आणि चाकांच्या वेगाचं प्रमाण, बदलत जातो. अ‍ॅक्टिव्हात पण हेच तत्त्व, फक्त तिथला बेल्ट रबरी आणि कोरडा चालतो, इथला स्टीलचा आणि ऑइलमधे भिजत चालणारा. आता गंमत बघा, आपल्या डोक्यात ऑइल म्हणजे निसरडं, घर्षण कमी करणारं. इथे मात्र त्याच ऑइलला पुली घट्ट दाबून धरायचा हायड्रॉलिक प्रेशर द्यायचाय, गिअरबॉक्स थंड ठेवायचाय, आणि पट्टा पुलीवर घसरणार नाही इतकी पकडही द्यायचीय. म्हणून प्रत्येक कंपनीचं ऑइल ठरलेलं असतं, होंडाचं एचसीएफ-२, निसानचं एनएस-३ असं. साधं ऑटोमॅटिकचं एटीएफ त्यात चालत नाही. अशा नेमक्या ऑइलमधे वरून १,९०० रुपयांचं काहीतरी निसरडं ओतायचं कशासाठी? आणि मशीनने प्रेशरने फ्लश केलं की तळाशी शांत बसलेला बारीक गाळ हलतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचं प्रेशर वाटणारा भाग) नाजूक वाटांमधे जाऊन अडकू शकतो. साधं ड्रेन-फिल म्हणजे खालचा बोल्ट उघडायचा, निघेल तेवढं काढायचं, मोजायचं, तेवढंच नवीन भरायचं.

ते तुम्हाला म्हणतील की मॅडम ड्रेन-फिलमधे अर्धंच ऑइल बदलतं. बरोबर आहे त्यांचं, टॉर्क कन्व्हर्टरमधे (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि आतल्या भागांत उरतंच, साधारण निम्मं निघतं. मग असं करा, आत्ता एकदा करा आणि सात-आठ हजार किलोमीटरनंतर, म्हणजे पुढच्या सर्व्हिसला, अजून एकदा. दोन्ही वेळा मिळून पाऊण ऑइल नवीन होतं आणि खर्च होतो १४,२००, तो पण दोन हप्त्यांत. फ्लशवाल्या एस्टिमेटपेक्षा तरीही ४,२०० कमी.

आता मिस्टरांचा मुद्दा. त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही, काही कंपन्यांच्या मॅन्युअलमधे बदलायचा आकडा दिलेलाच नसतो. पण मॅन्युअल उघडून मेंटेनन्स शेड्यूलच्या पानावर कडक वापराचा वेगळा रकाना आहे का बघा, बहुतेक मॅन्युअलमधे असतो, आणि त्याची वर्णनं वाचा: सतत थांबत-चालत जाणं, जास्त तापमान, चढ. ताई हा तर तुमचा रोजचा रस्ताच झाला. कासारवडवलीहून घोडबंदर रोडने मानपाडा, कापूरबावडी, माजिवड्याला रेंगाळत, मग कळव्यावरून ठाणे-बेलापूर रोडला, मे महिन्यात, एसी लावून. गाडी किलोमीटर थोडे कापते पण ऑइल तासन् तास तापत राहतं, आणि ऑइल किलोमीटरने नाही तर उष्णतेने म्हातारं होतं. तुमचे ६२ हजार हे हायवेवर पुण्याला जाऊन-येऊन झालेले ६२ हजार नाहीत.

माझ्या स्वतःच्या गाडीचं ऑइल ४१ हजारला बदललं तेव्हा मी वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमधे शेजारी उभा होतो. मेकॅनिकने जुनं ऑइल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि नव्याची बाटली शेजारी ठेवली. नव्याच्या पलीकडून बाटलीमागचा कागद वाचता येत होता, जुन्यातून ट्यूबलाइटचा उजेडसुद्धा येईना. मग त्याने आतलं मॅग्नेट बोटाने पुसून दाखवलं, बोटावर राखाडी काजळ यावं तसा लगदा, चिमटीत चोळला तर रेतीसारखा लागतही नाही इतका बारीक. तो म्हणाला हे नॉर्मल आहे, चमकणारे तुकडे दिसले असते तर काळजी होती. तुम्ही पण शेजारी उभ्या राहा आणि मॅग्नेट दाखवा म्हणा, लाजू नका.

आता पैशाचं गणित, कारण शेवटी तुम्ही ते विचारलंय. गेल्या वर्षी कोपरखैरण्याच्या माझ्या एका क्लायंटची गाडी ८८ हजारला सिग्नलवरून उचलताना थरथरायला लागली, ऑइल कधीच बदललेलं नव्हतं, दोन महिने त्यांनी ढकललं आणि मग तुर्भ्याला बंदच पडली. गिअरबॉक्सच्या कामाचं एस्टिमेट १ लाख ३४ हजार आलं. सगळा दोष ऑइलचाच होता असं मी म्हणणार नाही. पण इन्शुरन्समधून एक रुपया आला नाही, कारण मोटर पॉलिसी अपघात, चोरी, पूर यासाठी असते, झीज आणि मेकॅनिकल बिघाड तिच्यात बसतच नाही. हे बऱ्याच जणांना क्लेम करायला गेल्यावर कळतं.

तोच आकडा तुमच्या घरात ठेवून बघू. ७,१०० वाचवून तुम्ही दोन वर्षं एसआयपीत ठेवलेत आणि १२ टक्के मिळाले असं धरलं तरी वर १,८०० च्या आसपास सुटतात. समोर १ लाख ३४ हजारांची जोखीम. ७,१०० ने भागलं की जवळपास १९ येतात. म्हणजे ऑइल न बदलणाऱ्या तुमच्यासारख्या एकोणीस गाड्यांपैकी एकच गाडी त्यामुळे जास्तीची बसली तरी हिशोब फिटला. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधे ६२ हजार चाललेल्या ऑइलवर मी तरी ती पैज लावणार नाही.

आणि मला खरी काळजी वेळेची वाटते. फीचे ३५ हजार काढल्यावर एफडीत १ लाख ४५ हजार राहतात. त्याच पावसाळ्यात गिअरबॉक्स बसला तर उरतात ११ हजार. घरातल्या चार माणसांचा इमर्जन्सी फंड ११ हजार! मग कोणी आजारी पडलं तर कार्ड, नाहीतर पर्सनल लोन. म्हणून ‘फी झाल्यावर बघू’ हा पर्याय मला सगळ्यात महाग वाटतो, दिसायला तो फुकट आहे तरीही.

पैसे कुठून आणायचे? कार्डवर नको. बाकी ठेवलीत तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज म्हणजे वर्षाला चाळीसच्या पुढे, आणि नो-कॉस्ट ईएमआयमधे पण प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागतोच. एफडी पण मोडू नका, हा ठरलेला खर्च आहे, इमर्जन्सी नाही. ७,१०० तुमच्या महिन्याच्या खर्चातून निघतील असं तुमच्या आकड्यांवरून दिसतंय, बाहेरचं जेवण आणि ऑनलाइन खरेदी मिळूनच त्याच्यापेक्षा जास्त आहे, रागावू नका. अगदीच नाही जमलं तर एसआयपीचा एकच हप्ता पॉज करा, दोन नाही. पण अ‍ॅपमधून रीतसर पॉज करा, खात्यात पैसे न ठेवता हप्ता बाउन्स होऊ दिलात तर फंड हाउस दंड लावत नाही पण बँक लावते.

पुढे असं अचानक अंगावर येऊ नये म्हणून गाडीचा एक वेगळा डबा करा. तुमच्या बिलांवरून मी धरलेला हिशोब: सर्व्हिस वर्षाला १० हजार, इन्शुरन्स १३ हजार, टायर चार वर्षांनी २२ हजार म्हणजे वर्षाला साडेपाच, बॅटरीचे दीड हजार, सीव्हीटी ऑइल तीन वर्षांनी धरून २,४००. झाले ३२,४००, महिन्याला २,७००. आरडी करा किंवा लिक्विड फंडात टाका, एसआयपीशी त्याचा संबंध ठेवू नका.

वर्कशॉपला जायच्या आधी एक गोष्ट नक्की करा. गाडी थंड असताना आणि ट्रॅफिकमधे तापल्यावर, दोन्ही वेळा हळूहळू उचलून बघा, झटका, थरथर, किंवा आरपीएम वाढतोय पण गाडी पुढे सरकत नाहीये असं काही जाणवतंय का. जाणवलं तर आधी स्कॅनर लावून तपासणी, मग ऑइल, कारण पट्टा घसरायला लागला असेल तर नवीन ऑइल त्याला वाचवत नाही आणि मग आपल्याला हे गणित परत करायला लागेल, तेव्हा मला लगेच कळवा. काही जाणवत नसेल तर बिनधास्त करून घ्या. ऑइलचा डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा, बिलावर ऑइलचं पूर्ण नाव आणि किती लिटर ते लिहून घ्या, आणि लेव्हल ठरलेल्या तापमानाला चेक केली का ते विचारा, बऱ्याच सीव्हीटीत ती ऑइल ठरावीक गरम झाल्यावरच बरोबर कळते. नाक्यावरच्या गॅरेजमधे हजार-पंधराशे वाचतील, पण तिथे ही सोय नसेल तर लेव्हल कमी राहून ते पैसे दुसरीकडून जातील.

राहता राहिला विकायचा प्रश्न. ‘दोन वर्षांनी विकायचीच आहे तर पुढच्याच्या फायद्यासाठी मी का खर्च करू’ असं तुम्ही लिहिलंय. ताई, सेकंडहँड ऑटोमॅटिक घेणारा माणूस आधी गिअरबॉक्सलाच घाबरतो. टेस्ट ड्राइव्हला गाडी जरा जरी थरथरली तर तो पंधरा-वीस हजार तिथेच पाडून मागेल, नाहीतर उठून जाईल. आणि तोपर्यंतची दोन वर्षं, रोज सकाळी माजिवड्याच्या जंक्शनला, गाडीत तुम्हीच बसलेल्या असणार आहात. बिल फाइलला लावून ठेवा, विकताना लागेल.