गाळात शिसं सापडलं, तरी किडे जिवंत कसे?

प्रश्न : कारखान्यांचं सांडपाणी जिरलेल्या एका तलावाच्या गाळाचे दोन अहवाल वाचले. एकात शिसं आणि जस्त भरपूर. दुसऱ्यात त्याच गाळात सोडलेल्या अळ्या दहा दिवसांनी ठणठणीत. यातलं खोटं कोणतं?

उत्तर : दोन्ही खरे असतील. पहिल्या प्रयोगशाळेनं गाळ तीव्र आम्लात उकळला असणार. त्यात मातीच्या कणांत पक्का बसलेला धातूही सुटून येतो. अळीच्या पोटात असलं आम्ल नसतं. तिच्या वाट्याला येतो तो कणांमधल्या पाण्यात उतरलेला धातू, आणि गाळ गिळल्यावर तिच्या पाचकरसानं सुटेल तेवढा.

नळीनं काढलेला गाळ मी उभा चिरते तेव्हा वर तपकिरी रंगाचा पातळसा थर दिसतो आणि खाली काजळासारखा काळा, सडक्या अंड्यांचा वास मारणारा. घरचे नाक मुरडतात, मला तो वास आला की जरा बरं वाटतं. तिथे प्राणवायू नसतो. सल्फेटवर जगणारे जीवाणू सल्फाइड (गंधकाचं एक रूप) तयार करतात आणि कॅडमियम, तांबं, निकेल, शिसं, जस्त त्याच्याशी बांधले जाऊन पाण्यात विरघळेनासे होतात. सल्फाइड या धातूंना पुरून उरत असेल, तर त्यांच्यामुळे किडे सहसा मरत नाहीत. हिशेब मात्र मोलमध्ये, म्हणजे वजनानं नव्हे तर कणांच्या संख्येनं करायचा, मिलिग्रॅममध्ये केला की फसगत होते.

पण ही बांधणी हवेला घाबरते. एकदा माझ्याच हातून बरणीचं झाकण सैल राहिलं. सकाळी काळा गाळ वरून तांबूस झालेला, आणि पाण्यात आदल्या दिवशी जेमतेम सापडलेलं जस्त आता चांगलंच उतरलेलं. नमुना फेकावा लागला. तलाव उपसताना गाळ ढवळला जातो तेव्हाही हेच होऊ शकतं.

पाऱ्याला हा दिलासा लागू नाही. त्याच बिनहवेच्या थरातले काही जीवाणू त्याचं मिथाइल पारा हे जास्त विषारी रूप करतात, आणि तो किड्यातून माशात, लहान माशातून मोठ्यात साठत जातो. पीसीबीसारखी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली क्लोरीनयुक्त) तेलकट रसायनं सल्फाइडला जुमानत नाहीत, ती सेंद्रिय पदार्थाला धरून राहतात, काजळीला तर फारच घट्ट. म्हणून तेवढंच पीसीबी स्वच्छ वाळूत, जिथे धरायला सेंद्रिय पदार्थ फारसा नसतो, जास्त बाधतं. काही ठिकाणी गाळात सक्रिय कोळसा मिसळतात तो याच कारणानं.

पहिल्या प्रयोगशाळेला विचारा, धातू टप्प्याटप्प्यानं वेगळे काढून देता का? टेसिए हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 साली मांडलेल्या पद्धतीत असे पाच टप्पे आहेत. सहज सुटणारा धातू पहिल्या टप्प्यात कळतो, हट्टी शेवटच्या.

दुसऱ्या अहवालात दोन गोष्टी शोधा. अळ्या सोडण्याआधी गाळ वाळवून चाळला होता का? तसं असेल तर ती परीक्षा तलावाच्या गाळाची झालीच नाही. आणि दहा दिवसांनी अळ्यांच्या अंगात किती धातू साठला, हे कुणी मोजलं का? अळी जिवंत असली तरी मासा ती खातोच. तो आकडा असेल तर मला जरूर पाठवा.