पोटात किती गेलं ते आधी लिही

तुझं पत्र दोनदा वाचलं. कर्करोगाच्या रुग्णांच्या आहारावर संशोधन करायचंय, पण विषय मायक्रोबायोम (आतड्यातले जीवाणू) घेऊ, ग्लुटामीन (एक अमिनो आम्ल) घेऊ की कीटो (अगदी कमी कर्बोदकांचा आहार), या घोळात दोन महिने गेले म्हणतेस. विषय कुठलाही घे गं. पण रेडिओथेरपी, म्हणजे किरणोपचार, चालू असताना माणसाच्या पोटात रोज किती गेलं, हे तू स्वतः बघून लिहिणार नसशील, तर बाकीच्या आकड्यांना बूड नाही.

घशाच्या कर्करोगाचे एक रुग्ण होते, अंगाने भरलेले. तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं. मी रोज विचारायचे, "जेवण?" ते मान हलवायचे. मी फाइलमध्ये 'ठीक' लिहायचे. एक दिवस त्यांच्या पत्नीने रुमाल उलगडून दाखवला. घास गालात धरून ठेवायचे आणि कुणी बघत नसलं की त्यात काढायचे. वजन उतरत होतं, पण जाड माणूस म्हणून आम्ही कुणी दचकलो नाही. सातव्या आठवड्यात त्यांना खुर्चीतून उठवायला हात द्यावा लागला. तो 'ठीक' माझ्या अक्षरातला आहे.

स्थूल शरीरातही स्नायू झडलेले असतात आणि ते जिवावर बेततं, हे २००८ मध्ये संशोधक कार्ला प्राडो आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवर मोजून दाखवलं. तिसऱ्या कंबरमणक्याच्या पातळीवर स्नायू मोजायचं तंत्र आज सगळ्यांना हवंय. शीक, जरूर शीक. पण स्नायू किती उरला हे स्कॅन सांगेल. घास कुठे अडला हे नाही सांगणार.

ओटीपोटाला किरणं देताना "चोथा कमी खा" असं मीही वर्षानुवर्षं सांगितलं. कशाच्या आधारावर? सगळे सांगायचे म्हणून! २०१७ मध्ये लंडनच्या १६६ रुग्णांच्या चाचणीत, भरपूर चोथा खाणाऱ्यांची आतडी नेहमीसारखं खाणाऱ्यांपेक्षा कमी बिघडली, वर्षभरानंतरही. हे कळलं, कारण तिथे खाल्लेलं मोजलं होतं.

आणि आहारसंशोधक पाउला राव्हास्को यांचा २००५ चा अभ्यास पाठ कर. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे १११ रुग्ण, तीन गट. एकाला नेहमीच्या अन्नातूनच व्यक्तिगत आहारसल्ला, दुसऱ्याला प्रथिनांची तयार पेयं, तिसऱ्याला यातलं काहीच नाही. उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी सल्ल्याच्या गटाचा फायदा टिकला, पेयांचा ओसरला. समोर बसून बोलणं टिकलं, लक्षात येतंय का?

बरोबरीचे लोक शोधनिबंध छापत होते तेव्हा मी काट्यावर उष्टं मोजत होते. बढती उशिरा मिळाली. तरी मी चुकले असं मला वाटत नाही, कुणी कितीही म्हणो. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे २५ ते ३० कॅलरी, प्रथिनं एक ग्रॅमच्या वर, शक्यतो दीड, हे लक्ष्य सगळ्यांना ठाऊक असतं. त्यातलं गिळलं किती, हे विचारलं की खोलीत शांतता पसरते.

सोमवारपासून पाचच रुग्ण घे. ताट समोर येताना आणि उचलताना, दोन्ही वेळा वजन कर. घास कितव्या मिनिटाला थांबला, पाणी कधी मागितलं, सगळं लिही. आठवड्याची वही मला पाठव, टंकून नको. मग विषयाचं बोलू.