गावभर झाला तो परवलीचा कसला?

प्रश्न असा आलाय: कॉम्प्युटर नव्याने शिकताना पडद्यावर कुठे ‘पासवर्ड’ दिसतो, कुठे ‘संकेतशब्द’, कुठे ‘परवलीचा शब्द’, आणि मोबाइलवर वेगळाच ‘ओटीपी’ येतो. हे सगळं एकच का?

पहिले तीन एकच. युजरनेम म्हणजे तुम्ही कोण, आणि पासवर्ड म्हणजे ते तुम्हीच याची खूण.

पण ‘परवलीचा शब्द’ दिसला की मला राहवत नाही. ‘गुंतवणूक हा आजचा परवलीचा शब्द झाला आहे’ असली वाक्यं भाषणांत, अग्रलेखांत सतत कानावर येतात. अहो, परवल म्हणजे पहारेकऱ्याला सांगायचा गुप्त शब्द! अंधारातून ‘कोण आहे?’ असं कुणी दरडावलं की हळूच तो सांगायचा, तरच आत प्रवेश. गावभर झाला तो परवलीचा राहिला कुठे? इंग्रजीत ‘वॉचवर्ड’ असाच घसरत घोषवाक्यापर्यंत गेला, आणि आपण तो घसरलेला अर्थच उचलला.

आता मूळ. ‘पासवर्ड नको, शुद्ध मराठी परवलीचा शब्द वापरा’ असा आग्रह धरणाऱ्यांनी हे ऐकावं: परवल ही इंग्रजी ‘पॅरोल’ची सख्खी नातलग आहे. पॅरोल मूळचा फ्रेंच, अर्थ नुसता ‘शब्द’. पहाऱ्यावरच्या खुणेच्या शब्दाला पॅरोल म्हणत, आणि युद्धात पकडलेला अधिकारी ‘पळणार नाही’ असा शब्द देऊन मोकळा व्हायचा, तोही पॅरोलच. आजचा कैदी पॅरोलवर सुटतो तो याच शब्दावर. म्हणजे परवलीचा शब्द हा ‘शब्दाचा शब्द’ झाला!

परवल थेट इंग्रजी पॅरोलवरून आली, एवढं सांगून जाणकार मोकळे होतात. मला ते मुळीच पटत नाही. पॅरोलमध्ये ‘व’ कुठे आहे? आपली जीभ ‘अव’चा ‘ओ’ करते. लवणाचं लोण झालं, नवनीताचं लोणी झालं. इथे मात्र तिने उलटी वाट धरली म्हणायचं? त्यापेक्षा पोर्तुगीज ‘पालाव्रा’ पाहा. अर्थ तोच, शब्द. मूळही तेच, लॅटिन ‘पाराबोला’. त्यातल्या ‘र’ आणि ‘ल’ची पोर्तुगिजांनी अदलाबदल केली, आणि आपण ती परत फिरवली, असं माझं ठाम मत आहे. नुकसानचं नुसकान आणि चिकटण्याचं चिटकणं करणाऱ्यांना हे जड नाही. पाव, चावी, पगार ज्यांच्याकडून घेतले, त्यांच्याकडून चौकीवरचा एक शब्द घ्यायला काय हरकत? पोर्तुगालमध्ये आजही पासवर्डला ‘पालाव्रा-पास’ म्हणतात!

राहिला ओटीपी, म्हणजे ‘वन टाइम पासवर्ड’. पहाऱ्यावरची परवल रोज बदलायची, कालची आज चालायची नाही. ओटीपीही एकदाच चालतो आणि काही मिनिटांत बाद होतो. तेव्हा खरी परवल म्हणजे ओटीपीच. महिनोन्महिने तोच राहणाऱ्या पासवर्डला संकेतशब्द म्हणा.

आणखी एक फरक आहे. पहारेकऱ्याला परवल ठाऊक असायची, पण नीट बांधलेली वेबसाइट तुमचा पासवर्ड स्वतःजवळ ठेवतच नाही. गणिती प्रक्रियेतून त्याची जी अक्षरमाळ होते, हॅश म्हणतात तिला, ती तेवढी ठेवते. तुम्ही पासवर्ड टाइप केला की पुन्हा तीच माळ तयार होते का, ते बघते. म्हणूनच ‘पासवर्ड विसरलो’ म्हटलं की ती जुना सांगत नाही, नवा करायला लावते. जुना जसाच्या तसा ईमेलने पाठवणारी साइट मला एकदा भेटली. त्याच दिवशी तिथलं खातं बंद केलं.