फोनचं विचारा

प्रश्न : भाचा अमेरिकेहून आयफोन आणतोय, ‘अनलॉक्ड’ आहे म्हणतो. माझं जिओचं जुनंच कार्ड त्यात चालेल ना?
– एक वाचक, खानापूर

नंबर चालेल, कार्ड कदाचित नाही. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ आणि त्यापुढच्या मॉडेलना सिमचा ट्रेच नसतो, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं, कार्डाशिवायचं सिम. भाचा निघायच्या आधीच सेटिंग्ज, जनरल, अबाउट उघडून बघायला सांगा. ‘कॅरिअर लॉक’ (फोन एकाच मोबाइल कंपनीला बांधलेला आहे का) याच्यापुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असंच हवं. हप्त्यावर घेतलेला फोन असेल तर बहुतेकदा हप्ते फिटल्याशिवाय तिकडची कंपनी लॉक सोडत नाही, आणि मग इथे खडे बाजारात हेलपाटे घालून उपयोग नाही.

त्याच पानावरचे ३२ अंकी ईआयडी (ई-सिमचा ओळख क्रमांक) आणि १५ अंकी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) लिहून घ्या. जुन्या फोनमधूनच १९९ वर मेसेज करा : इंग्रजी अक्षरांत, सलग ‘गेटईसिम’ (GETESIM), जागा सोडून ईआयडी, पुन्हा जागा सोडून आयएमईआय. उत्तरात १९ अंकी ई-सिम नंबर येतो. पुढच्या पायऱ्या त्या मेसेजप्रमाणे करा. ई-सिम चालू होईपर्यंत जुनं कार्ड काढू नका आणि नव्या फोनला वायफाय जोडून ठेवा.

सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे बँकेचा ओटीपी नाही. हेस्कॉमचं विजेचं बिल भरायच्या शेवटच्या दिवशी हा उद्योग करू नका. व्हॉट्सॲपला कोड मेसेजऐवजी कॉलवर मागवता येतो.

प्रश्न : नवा अँड्रॉइड घेतला, एअरटेलचं जुनं कार्ड घातलं. घरी नेट झकास, कागल आलं की बंद. फोन परत करू का?
– एक वाचक, निपाणी

नको. निपाणी मोबाइल कंपन्यांच्या कर्नाटक सर्कलमध्ये (विभागात), कागल महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. पलीकडचा टॉवर पकडला की काही फोन त्याला रोमिंग समजतात, आणि नव्या फोनमध्ये डेटा रोमिंग बहुधा बंदच असतं. जुन्यात ते कधीतरी चालू केलेलं असणार. सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्कखाली ते चालू करा. देशात त्याचे जादा पैसे पडत नाहीत. परदेशी जाताना मात्र आठवणीने बंद करा.

तेवढ्यात ‘व्होल्टी’चं (VoLTE, म्हणजे फोर-जीवरून कॉल) बटणही बघून घ्या. ते बंद असेल तर एअरटेलचा कॉल टू-जीवर जातो आणि बोलणं चालू असेपर्यंत नेट थांबतं.