हिवाळ्यात अवकाळी पाऊस आणि गारठा एकदम आला तर उघड्या रानातल्या मेंढ्या आणि घोडी कशी सांभाळायची?

दादा, तुमच्याकडे चाळीसेक मेंढ्या आणि ओझ्याची एक घोडी आहे, पक्कं शेड नाही, सिन्नरकडच्या रानात पाल ठोकून राहता, आणि डिसेंबर-जानेवारीत पाऊस, वारा, थंडी एकाच वेळी आली तर काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. मी वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या मुक्कामावर, वाढलेली. आमच्यात घोडी, पाल आणि कोकरं बायकांच्याच हातात असतात, तेव्हा ती कामं अंगवळणी पडलेली आहेत. आता जनावरांच्या दवाखान्यात काम करते. दोन्हीकडून जे पटलंय ते सांगते.

मेंढीला नुसत्या थंडीची भीती फार बाळगू नका. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो त्या रात्रीसुद्धा पोटभर चरलेली, कोरड्या अंगाची मेंढी वाघुरीत, म्हणजे रात्री कळपाभोवती लावतात त्या जाळीत, निवांत रवंथ करत बसते. ती दगावते तेव्हा अंग भिजलेलं, वर वारा आणि आत पोट रिकामं, हे तिन्ही एकाच रात्री जमलेलं असतं. १ आणि २ डिसेंबर २०२१ ला नेमकं हेच झालं. जुन्नर, आंबेगाव, पारनेर, संगमनेर या पट्ट्यात झड लागली आणि मेंढ्या शेकड्यांनी गेल्या. तेव्हा पारा काही गोठण्यापर्यंत उतरला नव्हता, निफाडच्या थंडीपेक्षा कितीतरी वर होता. म्हणून माझं म्हणणं असं की या तिन्हींतली एक गोष्ट जरी तुम्ही मोडलीत तरी बहुतेक कळप सकाळी पायावर उभा राहतो. आणि उघड्या रानात सगळ्यात हमखास हातात असतं ते पोट.

मेंढीच्या मोठ्या पोटात चारा आंबत असतो, त्यातून ऊब तयार होते. कडबा, भुसकट, वाळलेलं गवत असा चिवट चारा सावकाश आंबतो, म्हणून ती ऊब रात्रभर पुरते. ओला घास किंवा नुसता कोवळा पाला खाल्ला तर पोटात पाणीच जास्त जातं. त्यामुळे हवामान खात्याचा इशारा आला की त्याच दुपारी मेंढ्या रोजच्यापेक्षा जास्त वेळ चरू द्या आणि संध्याकाळी वर कोरडा चारा टाका. मेंढीमागे अर्धा-पाऊण किलो धरा. तुमच्या कळपाला एका रात्रीला पंचवीस-तीस किलो लागेल. झड दोन दिवस टिकते असं समजून तेवढा साठा ताडपत्रीखाली, जमिनीला न टेकता, दगडांवर फळ्या टाकून ठेवा. तुरीचं भुसकट, हरभऱ्याचं कुटार, भुईमुगाचा वाळला पाला, काहीही चालेल. मात्र भिजून बुरशी धरलेलं नको, आणि घोडीला तर अजिबातच नको.

इथे एक सावधगिरी. पाऊस आला की शेतकरी माणुसकीने भिजलेली मका, बाजरी, कधी शिळं अन्न आणून टाकतात. उपाशी मेंढ्या त्यावर तुटून पडतात आणि दुसऱ्या दिवशी पोट फुगून, आम्ल वाढून आडव्या होतात. दाणा द्यायचाच असेल तर मूठभर, तोही कडबा खाऊन झाल्यावर. पावसानंतर फुटलेल्या ज्वारीच्या खोडव्यात उपाशी कळप घालू नका. कोवळ्या ज्वारीचं विष घटकाभरात मारतं.

लोकरीचं गणितही बघा. दख्खनी मेंढीच्या लोकरीत मेणचट तेल असतं, भुरभुर पाऊस त्यावरून निथळून जातो. पण काही तास संततधार लागली की पाणी कातडीला पोचतं, लोकरीत अडकलेली हवा निघून जाते आणि वारा अंगातली ऊब ओढून नेतो. कातरून महिना झाला नसेल तर ती मेंढी उघडीच धरा. वजनासाठी हल्ली पुष्कळ जण माडग्याळी जनावरं घेतात. चांगली जात आहे, पण तिच्या अंगावर लोकर नावालाच असते, तेव्हा झडीत ती आधी आत घ्यायची. मला विचाराल तर डिसेंबर-जानेवारीत कातरणी करूच नये. व्यापारी दारात उभा असला तरी.

आता जागा. काळ्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायचं ठरलेलं असतं, शेतकऱ्याशी बोली झालेली असते, पण इशारा असेल तर त्या रात्रीपुरतं तिथून उठा. काळी माती भिजली की मेंढी बसत नाही. रात्रभर चिखलात उभी राहते, दमते, पाय आणि पोट गार पडतं. मुरमाड, किंचित उताराची जागा शोधा, ओढ्यापासून लांब. बांधाच्या किंवा दाट झुडपाच्या आडोशाला वाघूर लावा, पण एकट्या उंच झाडाखाली नको, वीज पडते. विजेचा अंदाज देणारं ‘दामिनी’ नावाचं ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलंय, ते फोनमध्ये असू द्या.

वाघुरीबद्दल एक गोष्ट फार कमी जण सांगतात. वाऱ्याचा मारा सुरू झाला की मेंढ्या वाऱ्याला पाठ करून सरकत जातात आणि जाळीच्या पलीकडच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढतात. सकाळी त्या कोपऱ्यात जी मेलेली सापडतात त्यातली बरीच थंडीने गेलेली नसतात, खाली दबून गुदमरलेली असतात. वरची मेंढी धडधाकट असते आणि खालच्या दोघींच्या नाकातोंडात चिखल. म्हणून त्या रात्री वाघूर चौकोनी न लावता कोपरे गोल करा, थोडी मोकळी लावा, आणि वाऱ्याच्या बाजूने खतांच्या गोण्या किंवा बारदान कमरेइतकं बांधून घ्या. वरून छप्पर नसलं तरी चालेल, पण हा आडोसा हवाच. वरच्या अंगाला वीतभर खोल चर खणा म्हणजे वाहतं पाणी आत येणार नाही. रात्री दोन-तीनदा बॅटरी घेऊन त्या कोपऱ्याकडे चक्कर मारावीच लागते, याला पर्याय नाही.

पालात जागा थोडी असते. ती आधी पंधरवड्याच्या आतली कोकरं, मग आज-उद्या व्यायला झालेल्या मेंढ्या, मग कातरलेल्या आणि रोडावलेल्या, अशा क्रमाने वाटा. तगडा मेंढा बाहेर राहू शकतो.

घोडीचं वेगळं आहे. तिचं अंग मोठं, हिवाळ्यात केसही वाढलेले, त्यामुळे ती पुष्कळ सोसते. पण लोक नेमक्या याच भरवशावर तिला विसरतात. पावसात घोडी काय करते ते नीट बघा. वाऱ्याकडे पुठ्ठा करते, शेपूट मांड्यांत ओढून घेते, मान खाली घालते. हा तिचा स्वतःचा आडोसा आहे, आणि वारा फिरला की तिला वळता आलं पाहिजे. आखूड दोरीने खुंट्याला जखडलेल्या घोडीला तो सगळा मारा तोंडावर आणि छातीवर घ्यावा लागतो. दोरी वळता येईल इतकी ठेवा, पाय अडकेल इतकी लांब नको. पुढच्या पायांचा पायबंद त्या रात्री काढा. पाणी वाढलं किंवा वीज कडाडून ती बुजली तर पायबंद घातलेली घोडी पडते आणि उठत नाही.

खोगीर आणि खालचं जाड कापड भिजलं असेल तर पाठीवरून उतरवा. ओल्या पाठीवर ओझं घातलं की सोलटतं, आणि ती जखम पुढचे दोन महिने बिऱ्हाड अडवून धरते. भिजलेल्या अंगावर प्लास्टिक टाकू नका, आतली ओल आतच राहते. आधी वाळलेल्या गवताच्या मुठीने किंवा बारदानाने केसांच्या उलट्या दिशेने खसखसून पुसा, मग वरून घोंगडी, आणि ती भिजली की बदला. कानाचं मूळ हाताने चाचपा. ते गार लागलं, अंग थरथरत असलं, तर पुसणं आणि चारा दोन्ही वाढवायचं.

घोडीलाही ऊब चाऱ्यातूनच मिळते. दोन-अडीचशे किलोच्या घोडीला एरवी दिवसाला चार-पाच किलो वाळला चारा लागतो, झडीत किलो-दीड किलो जास्त द्या. आणि पाणी! गारठ्यात घोडी गार पाण्याला तोंड लावत नाही. वर वाळला चारा, आत पाणी कमी, की लीद घट्ट होऊन आतडं तुंबतं. घोड्याला उलटी होत नाही, तेव्हा पोटशूळ उठला की तुंबलेलं बाहेर पडायचा मार्ग एकच, लिदेचा. चुलीवरचं कोमट पाणी बादलीत मिसळा, चिमूटभर मीठ टाका, दिवसाला दहा-पंधरा लिटर पोटात जातंय का ते मोजून बघा. घोडी पाय खोडायला लागली, वळून कुशीकडे बघायला लागली, लीद टाकेना, की चारा बंद करा आणि तडक डॉक्टरांना फोन करा. आणखी एक: कोंबड्यांचं किंवा गाईंचं तयार खाद्य हाताशी आहे म्हणून घोडीला घालू नका. त्यात कधीकधी मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते घोड्याच्या काळजाला थोडंसुद्धा सोसत नाही.

कोकरांवर जरा जास्त लिहिते, कारण वाचवता येण्यासारखी सगळ्यात जास्त तीच असतात. कोकरू गारठलंय का हे बघायला त्याच्या तोंडात बोट घाला. तोंड गार लागलं आणि बोट चोखलं नाही तर वेळ थोडा आहे. ताप मोजायचं साधं डिजिटल थर्मामीटर जवळ ठेवा. कोकराचं अंग ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, ३७ च्या खाली गेलं तर ते संकटात आहे. नुकतंच जन्मलेलं असेल तर कोरडं पुसा, उबेत घ्या, मान धरायला लागलं की लगेच चीक पाजा. कोकराच्या वजनाच्या किलोमागे ५० मिलिलिटर, पहिल्या सहा तासांच्या आत. पण पाच-सहा तासांपेक्षा मोठं कोकरू उपाशी गारठलं असेल तर त्याच्या रक्तातली साखर संपलेली असते. त्याला नुसतं शेकलं तर झटके येऊन जातं. त्याला आधी साखर पोचली पाहिजे. चोखत असेल तर कोमट दूध, मान टाकली असेल तर डॉक्टर पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन देतात, शेक त्यानंतर. शेकायला गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही कुशींना लावा. चुलीला चिकटवून ठेवू नका, एका अंगाने भाजतं.

मान टाकलेल्या जनावराच्या तोंडात काहीही ओतू नका. दूध, तेल, हळदीचं पाणी, काहीच नाही. ते फुप्फुसात जातं आणि थंडीतून वाचलेलं जनावर तिसऱ्या दिवशी न्यूमोनियाने जातं. दारू पाजायची पद्धतही सोडा. दारूने कातडीखालच्या शिरा फुलतात, हाताला अंग ऊन लागतं, पण आतली ऊब बाहेर निघून जाते.

ऊन पडलं म्हणजे संपलं असं नाही. पुढचे आठ दिवस खोकला, नाक, लंगडणं यावर डोळा ठेवा. खुरांच्या बेचक्यात वास यायला लागला तर दहा लिटर पाण्यात एक किलो झिंक सल्फेट घालून त्यातून मेंढ्या चालवा. मोरचूद वापरत असाल तर मेंढ्यांना ते पाणी पिऊ देऊ नका, मेंढीला त्यातलं तांबं फार लवकर बाधतं.

जनावरं दगावलीच तर पंचनामा होईपर्यंत पुरू नका. फोटो काढा, तलाठी आणि पशुधन विकास अधिकारी दोघांना कळवा, कानातले बिल्ले जपून ठेवा. २०२२ ते २०२६ साठीच्या सरकारी आपत्ती-मदतीच्या निकषांत मेंढीमागे ४,००० रुपये ठरले होते, एका कुटुंबाला ३० मेंढ्यांपर्यंत, आणि ओझ्याच्या घोड्याला ३२,०००. परमुलखात असलात तरी जिथे जनावर मेलं तिथल्याच गावात पंचनामा मागा, गावी परतल्यावर कोणी करून देत नाही. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा नंबर बिनपैशाचा आहे.

तुमच्या कळपात आत्ता गाभण किती आहेत आणि शेवटची कातरणी कधी केली, एवढं खाली लिहा. त्यावरून पालात कोणाला घ्यायचं आणि चारा किती साठवायचा, हे नेमकं सांगता येईल.