व्यायामावर पैसे लावावेत का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वर्षाचे बारा हजार एकदम भरले की पैशांसाठी तरी जिमला जाईन, असं वाटलं होतं. दोन महिन्यांत जाणं बंद झालं. पुढच्या वर्षी पुन्हा भरू का? – एक वाचक, ठाणे

एकरकमी भरू नका. भरलेल्या पैशांची टोचणी पहिले काही आठवडे असते. मग ती रक्कम खर्ची पडली असं मन धरून चालतं आणि आजची दांडी फुकटात पडते. अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या नोंदी तपासून स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की वर्गणी भरूनही लोक फारसे जात नाहीत. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चारेक वेळाच येत होते. त्यांना एक खेप १७ डॉलरहून महाग पडत होती, तर दहा खेपांच्या पासावर तीच १० डॉलरला मिळत होती.

तुमच्या पावतीला प्रत्यक्ष हजेरीनं भागा. वीस वेळा गेला असाल तर एक खेप सहाशे रुपयांची झाली. मासिक वर्गणीचा दर जास्त दिसला तरी सध्या तीच घ्या. सलग तीन महिने, महिन्याला किमान दहा खेपा झाल्या, तरच वार्षिक सवलतीचा विचार करा.

प्रश्न : मी आणि माझी पत्नी दोघंही आरंभशूर. ‘दांडी मारली तर पाचशे रुपये दंड’ असं ठरवलं होतं, पण तो कधी कुणी भरलाच नाही. असा करार नीट कसा करायचा? – एक वाचक, सातारा

तुमच्या करारात पैसे दांडीनंतर खिशातून काढायचे होते, आणि ते मागणारं माणूसही घरातलंच. अशा वेळी दंड माफच होतो. पैसे आधी बाजूला पडले पाहिजेत आणि ते घराबाहेरच्या माणसाकडे असले पाहिजेत.

आठ आठवड्यांचा, आठवड्यातून तीन दिवसांचा करार करा. एकूण २४ खेपा होतात. खेपेमागे ७५ रुपये धरले तर प्रत्येकी १,८०० रुपये होतात. ते पाकिटात घालून पहिल्याच दिवशी पंचाच्या हाती द्या. पंच म्हणून ज्याच्यापुढे सबब सांगायला जड जाईल असा शेजारी किंवा कचेरीतला सहकारी निवडा. भाऊ, मेहुणा, जिवलग मित्र नकोत.

खेप म्हणजे काय, ते कागदावर स्पष्ट लिहा: ‘किमान ३० मिनिटं भरभर चालणं, किंवा जिमच्या हजेरीत नोंद’. ‘जमेल तेवढा व्यायाम’ असं लिहिलंत तर करार तिथेच संपला. पुरावा म्हणून फोनवरच्या चालण्याच्या नोंदीचा फोटो त्याच दिवशी पंचाला पाठवा. आठवडा सोमवार ते रविवार धरा आणि रविवारी रात्री नऊला पंचानं हिशेब करावा.

चार खेपांची सूट ठेवा, पण एका आठवड्यात एकच वापरता येईल. सूट नसली तर पहिल्या लग्नकार्यात करार मोडतो आणि एकदा मोडला की ‘आता कशाला’ म्हणून सगळंच सुटतं. सूट बेहिशेबी असली तर लोक ती पहिल्याच पंधरवड्यात संपवतात. ताप किंवा दुखापत असेल तर तो आठवडा मोजायचा नाही, करार एका आठवड्यानं पुढे सरकवायचा.

सूट लागू नसलेल्या प्रत्येक दांडीला पाकिटातले ७५ रुपये कायमचे जातात. कुठे जातात, हे फार महत्त्वाचं आहे. त्या पैशांतून दोघं भेळ खाणार असाल तर दंडाचं बक्षीस झालं. आवडत्या संस्थेला देणगी दिली तर ‘चांगल्या कामाला गेले’ हे समाधान मिळतं. ते पंचाच्या सोसायटीच्या निधीत टाका. रक्कमही बेतानं ठरवा. पाचशेचा दंड ऐकायला कडक वाटतो, पण पंचाला तो कापवत नाही.

हातातले पैसे जाण्याची भीती खरंच काम करते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मितेश पटेल आणि सहकाऱ्यांनी २८१ जणांना रोज ७,००० पावलांचं लक्ष्य दिलं. ते गाठल्यावर रोज १.४० डॉलर मिळणाऱ्यांनी साधारण ३५ टक्के दिवस लक्ष्य गाठलं. ज्यांच्या नावे महिन्याच्या सुरुवातीला ४२ डॉलर जमा करून चुकलेल्या प्रत्येक दिवसाला १.४० कापले, त्यांनी ४५ टक्के. काहीच न मिळणाऱ्यांचं प्रमाण ३० टक्के होतं. मात्र तेरा आठवड्यांनी पैसे थांबल्यावर हा फरक टिकला नाही.

म्हणून आठ आठवड्यांनंतर हलका करार ठेवाच. एका मोठ्या अमेरिकन कंपनीत कर्मचाऱ्यांना जिमच्या प्रत्येक खेपेला १० डॉलर दिले, आठवड्याला तीन खेपांपर्यंत, चार आठवडे. नंतर काहींना स्वतःचे पैसे लावून ‘दोन महिन्यांत सलग १४ दिवसांहून जास्त खंड पडू देणार नाही’ असं बांधून घ्यायची मुभा दिली. बारा टक्क्यांच्या आसपासच लोक तयार झाले, पण ही मुभा मिळालेल्या गटात परिणाम पुढेही टिकला. तुम्ही पाकिटात पाचशे ठेवा आणि अट एवढीच घाला: सलग दहा दिवसांचा खंड नको.

करार वजनावर कधीही करू नका. वजन पाण्यानं, मिठानं, पाळीच्या दिवसांनीही वर-खाली होतं. मोजणीच्या आदल्या दिवशी उपाशी राहण्याचा मोह होतो तो वेगळाच. आपल्या हातात फक्त हजेरी असते, ती मोजा.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा आहे, मैदानावर जातच नाही. पैसे देऊन पाठवलं तर लाच होईल का? – एक आई, नाशिक

तो अजिबात जात नसेल तर थोडे दिवस द्यायला हरकत नाही. अमेरिकेत विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना जिममध्ये एकदा येण्याचे २५ डॉलर आणि पुढच्या चार आठवड्यांत आठ वेळा येण्याचे आणखी १०० डॉलर दिले होते. पैसे थांबल्यावरही हजेरी वाढलेली राहिली, ती मुख्यतः आधी न येणाऱ्यांची. मूल आवडीनं खेळत असेल तर मात्र पैसे मध्ये आणू नका. बक्षीस खेळाशी जोडा: बारा खेपांनंतर बूट किंवा रॅकेट. मुदत पहिल्याच दिवशी सांगा आणि मार्कांची बोलणी यात मिसळू नका.

प्रश्न : चार दिवस पाऊस लागला की चालणं सुटतं आणि पुन्हा सुरू होत नाही. रोज सकाळी सहाची वेळ पक्की करावी का? – एक वाचक, चिपळूण

वेळ ठरवा, पण ती चुकली तर संध्याकाळचं चालणंही हजेरीत धरा. गूगलच्या अडीच हजार कर्मचाऱ्यांवरच्या प्रयोगात ठरावीक वेळेलाच बक्षीस मिळणाऱ्यांपेक्षा कोणत्याही वेळी मिळणाऱ्यांचा व्यायाम नंतर जास्त टिकला. ठरलेली वेळ हुकली की पहिल्या गटातले लोक तो दिवसच सोडून देत होते.

बक्षीस खंडानंतरच्या पहिल्या दिवसाला लावा. एका अमेरिकन जिम साखळीच्या ६१ हजारांहून अधिक सभासदांवर ५४ योजना तपासल्या, तेव्हा दांडीनंतर परत येणाऱ्याला काही सेंटांचे जादा गुण देणारी योजना सर्वांत पुढे होती. तुम्ही साध्या दिवसाला दहा रुपये डब्यात टाकत असाल, तर खंडानंतरच्या पहिल्या दिवसाला तीस टाका. त्या दिवशी पंधरा मिनिटंही पुरेत.

पावसाचा पर्याय आत्ताच लिहून ठेवा: ‘सहाला पाऊस असेल तर घरात सूर्यनमस्कार, मधे थांबत एकूण २० मिनिटं’. गुडघे दुखत असतील, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर हा पर्याय आधी डॉक्टरांना विचारा. आवडीच्या नाटकाचं किंवा कादंबरीचं ध्वनिमुद्रण फक्त व्यायामाच्या वेळीच ऐकायचं, हेही उपयोगी पडतं. एरवी ऐकलंत तर त्याची ओढ संपते. रस्त्यावर चालताना एक कान मोकळा ठेवा.