वाचक विचारतात : मिशी राहू द्या

प्रश्न : गॅदरिंगसाठी जुन्या ब्रिटिश पॉपवर पंचवीस मिनिटांचा कार्यक्रम बसवतोय. या गाण्यांवर पँटोमाइमचा आणि ‘कॅम्प’चा प्रभाव आहे असं वाचलं. पँटोमाइम म्हणजे मूकाभिनय ना? मग तो गाण्यात कसा आला? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : आपल्याकडे हा घोळ हमखास होतो. इंग्लंडात ‘पँटो’ म्हणजे नाताळात लागणारं, गाण्यांचं आणि भरपूर आरडाओरड्याचं नाटक. गोष्ट सिंड्रेला, अलादीन अशी सगळ्यांना पाठ असलेली. थोराड बाई, म्हणजे ‘डेम’, पुरुष करतो. तरुण नायक परंपरेने मुलगी करते. खलनायक नटाच्या डाव्या हाताच्या विंगेतून येतो, परी उजव्या. खलनायक दिसला की प्रेक्षक हुर्यो करतात, तो पाठीमागे लपला की पोरं ‘मागे बघ, मागे!’ म्हणून ओरडतात. तुमच्या नागपुरातल्या मारबतीच्या मिरवणुकीत ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी ज्याने रस्त्यावर उभं राहून दिली आहे, त्याला यातला प्रेक्षकाचा वाटा वेगळा समजावून सांगायला नको.

पॉप गायक या रंगमंचावर प्रत्यक्ष वावरले आहेत. १९५८च्या नाताळात टॉमी स्टील लंडनच्या कोलिझियममध्ये ‘सिंड्रेला’त होता, १९६४ला क्लिफ रिचर्ड आणि त्याचे साथीदार ‘शॅडोज’ पॅलेडियममध्ये ‘अलादीन’ करत होते. डिसेंबर १९६३मध्ये बीटल्सनी फिन्सबरी पार्क ॲस्टोरियात नाताळचा खास कार्यक्रम केला. त्यातल्या छोट्या प्रहसनात जॉन लेनन खलनायक, जॉर्ज हॅरिसन संकटात सापडलेली नायिका आणि पॉल मॅकार्टनी तिला सोडवणारा. पुढे त्याच थिएटरचं नाव ‘रेनबो’ झालं आणि ऑगस्ट १९७२मध्ये तिथेच गायक डेव्हिड बोवी झिगी स्टारडस्ट या स्वतःच रचलेल्या पात्राच्या वेशात उभा राहिला. सोबत मूकाभिनेता लिंडसे केम्प याची मंडळी होती.

तुम्ही म्हणता तो मूकाभिनय आला तो या केम्पकडून. बोवी १९६७मध्ये त्याच्याकडे शिकला, नंतर गायिका केट बुशही त्याच्या वर्गांना गेली. पांढऱ्या चेहऱ्याचा विदूषक पिएरो हा जुन्या इटालियन मुखवटा-नाटकातला, आणि पँटोची मुळंही त्याच नाटकात आहेत. म्हणजे ही दोन चुलत भावंडं. ब्रिटिश पॉपने दोघांकडूनही उचललं. १९८१चा गायक ॲडम अँटचा ‘प्रिन्स चार्मिंग’चा व्हिडिओ तर सरळसरळ सिंड्रेला आहे, परीच्या भूमिकेत अभिनेत्री डायना डॉर्स.

‘कॅम्प’चा शिबिराशी संबंध नाही. हावभाव, कपडे, नखरा सगळं मुद्दाम प्रमाणाबाहेर. करणाऱ्याचा मात्र त्यावर पुरता विश्वास. हसायचं ते प्रेक्षकांनी. नट स्वतःच हसला की सगळं पडलं म्हणून समजा.

प्रश्न : चार मुलं बायकांच्या वेशात आहेत. ते अचकटविचकट होऊ नये म्हणून काय करावं?

उत्तर : आधी बालगंधर्व डोक्यातून काढा. तिथे पुरुष विसरायला लावायचा होता. डेममध्ये तो दिसत राहायला हवा. १९८४च्या ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’च्या व्हिडिओत ‘क्वीन’ या बँडचे चौघेही बायका झाले आहेत. फ्रेडी मर्क्युरी (हा आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला) स्कर्ट घालून व्हॅक्यूम क्लीनर फिरवतो आणि मिशी तशीच असते. म्हणून तुमच्याही मुलांची मिशी राहू द्या.

आवाज पातळ करू नका, आपल्याच पट्टीत बोला. उशा भरू नका, अश्लीलपणा बहुतेक तिथूनच शिरतो. एकच वस्तू अवाढव्य घ्या, खोपा किंवा पर्स. बाकी पोशाख नीटनेटका. हाताला खरं काम द्या: लाटणं, इस्त्री, केरसुणी. टाचांचे बूट पहिल्या तालमीपासून, रोज पंधरा मिनिटं. घसरण साधारण दुसऱ्या-तिसऱ्या तालमीत सुरू होते. मित्र हसतात, मुलगा त्या हशासाठी डोळे मारायला लागतो, आणि प्रयोगापर्यंत ती बायकांची टिंगल झालेली असते. दिग्दर्शकाने पहिला डोळा मारला तेव्हाच थांबवावं. खडी गंमत या विदर्भातल्या लोकनाट्यात बाईची भूमिका करणारा एखादा जाणता नाच्या बघायला मिळाला तर जरूर बघा. तो अदा किती गांभीर्याने करतो ते कळेल.

प्रश्न : गाण्याच्या मधोमध वरचा झगा निघून आतला पोशाख दिसायला हवा. वेल्क्रो लावलं तर फर्र आवाज येतो आणि अर्धाच झगा सुटतो.

उत्तर : वेल्क्रो काढून टाका. १९७३मध्ये बोवीचे जपानी वेशभूषाकार कान्साई यामामोतोने केलेले पोशाख मंचावरच खेचून काढले जात. ही काबुकी या जपानी नाटकातली ‘हिकिनुकी’ची युक्ती, आणि ती दोऱ्यावर चालते.

झगा खांद्यांवर आणि दोन्ही कुशींना पूर्ण उसवा. बाहीही मनगटापासून गळ्यापर्यंत उघडी हवी, नाहीतर ती हातात अडकते. मग या शिवणी जाड, गुळगुळीत नायलॉन दोऱ्याने धावदोऱ्यात जोडा, टाका दोन सेंटिमीटरचा. टाका फार लहान असेल तर दोरा आवळतो, चारच्या पुढे गेला तर नाचताना फट दिसते. दोऱ्याच्या एका टोकाला हरभऱ्याएवढा मणी. दुसऱ्या टोकाला गाठ नको, पाच सेंटिमीटर शेपूट मोकळी सोडा. प्रत्येक शिवणीला वेगळा दोरा.

दोन मदतनीस, दोन बाजूंना. ड्रमच्या ठोक्यावर गायकाने हात वर करायचे, त्यांनी मणी शिवणीच्या सरळ रेषेत बाहेर ओढायचे, आणि दोरे सुटल्यावरच कापड मागे खेचायचं. मणी आडवा ओढला की कापड गोळा होऊन दोरा अडतो. आतला पोशाख निसरड्या कापडाचा हवा, घामाने सुती कापड चिकटतं. पुन्हा शिवायला दर वेळी अर्धा तास धरा, तरी दहा वेळा करून बघाच. आणि कुणी ऐनवेळी ‘असू दे’ म्हणून सेफ्टी पिन लावणार नाही याची खात्री करा. बहुतेक झगे त्या एका पिनेवर फाटतात.

माइक डोक्याला लावायचा घ्या. केट बुशला १९७९च्या दौऱ्यात नाचता यावं म्हणून तिच्या ध्वनितंत्रज्ञाने कपड्यांच्या हँगरच्या तारेतून तसा माइक बनवला होता. ट्रान्समीटरची डबी मात्र आतल्या पोशाखाला बांधा, वरच्याला बांधली तर झग्याबरोबर तीही जाईल.

प्रश्न : पिएरोच्या पांढऱ्या चेहऱ्यासाठी घरातलं जुनं मुर्दाडशिंग चालेल का?

उत्तर : अजिबात नाही, त्यात शिसं असतं. रंगभूषेचा पांढरा पॅनकेक (वडीसारखा रंग) ओल्या स्पंजने दोन पातळ हात लावा, मधे पावडर. गालावर चमकी हवी असेल, गायक मार्क बोलनने १९७१मध्ये टीव्हीवर लावली होती तशी, तर सौंदर्यप्रसाधनाचीच घ्या. हस्तकलेच्या चमकीच्या कडा धारदार असतात, डोळ्यात गेली तर बुबुळाला ओरखडा पडतो. उतरवताना आधी खोबरेल तेल, मग साबण.